ऑनलाईन मुलाखत घेताना शेजारी बसलेल्या माणसाचं काय करायचं? (पीएचडी, नाशिक)

चाळिशीतली_विद्यार्थिनी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी नाशिकला राहते, ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवते आणि समाजशास्त्रात पीएचडी चालू आहे. विषय थोडक्यात असा की द्राक्ष बागायतदारांच्या घरातल्या बायकांचा शेतीच्या पैशाच्या निर्णयात हात किती, म्हणजे औषधांची उधारी, सोसायटीचं कर्ज, व्यापाऱ्याशी सौदा, पोरांची फी, यातलं नक्की कोण काय ठरवतं. तालुके निफाड, दिंडोरी आणि थोडा चांदवड. टिकमार्क करायची प्रश्नावली नाहीये, मोकळं बोलायचंय, हाताशी दहाबारा मुद्दे ठेवायचे आणि गप्पा जातील तिकडे जायचं अशी पद्धत.

ऑनलाईन का, तर सकाळी माझं कॉलेज, दुपारी मुलगी शाळेतून येते, आणि ज्या बायकांशी बोलायचंय त्यांना जरा उसंत मिळते ती दुपारी दीड ते तीन नाहीतर रात्री नऊनंतर. त्या वेळेला मी पिंपळगावच्या पुढे कुठल्यातरी मळ्यात असणं शक्य नाही, निम्मे लोक गावात राहतच नाहीत, एसटी फाट्यावर सोडते आणि पुढे कोणीतरी गाडीवर न्यायला यावं लागतं. गाईड म्हणाले ऑनलाईन चालेल पण मेथडॉलॉजीच्या चॅप्टरमध्ये बाजू मांडता आली पाहिजे.

आता अडचण. झूमची लिंक पाठवली की ती उघडणार मुलगा नाहीतर नवरा. उघडून दिली की तो तिथेच बसणार. मी ताईंना विचारते, उधारी किती झालीये ते तुम्हाला कळतं का, आणि उत्तर येतं मागून, "हो हो तिला सगळं माहिती असतं, आम्ही विचारल्याशिवाय काही करतच नाही." ताई मान हलवतात. हे ट्रान्सक्रिप्टमध्ये लिहू काय? शिवाय कॅमेरा लागला की बायका फोटो काढायला बसल्यासारख्या बसतात, पदर नीट करून, आणि मग "हो", "तसंच असतं", "सगळे मिळून ठरवतो" याच्या पुढे गाडी जात नाही. जरा कुठे बोलायला लागल्या की झूमची चाळीस मिनिटं संपतात.

तर विचारायचंय असं की १) शेजारी कोणी बसलेलं असताना काय करता? २) व्हिडिओ लागतोच का? ३) रेकॉर्डिंग आणि मराठी टायपिंग कसं जमवता? ४) किती मुलाखती पुरे, आणि प्रबंध तपासणारे रेफरी "ऑनलाईन का" म्हणून धरतील त्याला काय सांगायचं?


गोदाकाठचा_राघू

ताई झूम सोडा. साधा फोन लावा.

मी संस्थांच्या कामांचं मूल्यमापन करतो, सुरगाणा पेठ त्र्यंबक भागात, लॉकडाऊनपासून फोनवर मुलाखती घेतोय. एक गोष्ट पक्की कळलीये की लिंक म्हणजे मदतनीस आलाच. जिला लिंक उघडून द्यायला दुसरं माणूस लागतं तिच्या मुलाखतीला ते माणूस हजर राहणारच, त्यात नवऱ्याचा दोष म्हणा किंवा नका म्हणू. साधा फोन ती स्वतः उचलते आणि उचलून चालायला लागते. अंगणात, गच्चीवर, गोठ्यात, बांधावर. व्हिडिओ कॉलवर बाईला भिंतीला टेकून एका जागी बसायला लागतं, तीही रेंज जिथे येते तिथे, आणि रेंज कुठे येते तर बाहेरच्या खोलीत जिथे सगळं घर बसलेलं असतं.

नवरा शेजारी बसतोच म्हणत असेल तर त्याला हाकलायच्या भानगडीत पडू नका, आधी त्याच्याशीच बोला. "दादा तुमचं पण मत पाहिजे मला" म्हणायचं आणि पंधरा वीस मिनिटं खरंच नीट ऐकायचं, छाटणी, भाव, व्यापारी, सगळं. त्याचं बोलून झालं की त्याला त्या फोनमधे रस राहत नाही. आणि ते बोलणं फुकट जात नाही, तोही तुमचा डेटाच आहे. मग ताईंना वेगळ्या दिवशी वेगळ्या वेळी फोन.

पहिला फोन नुसता ओळखीचा करा, रेकॉर्डर बंद, दहा मिनिटं. त्यातच ठरवून टाका की मध्येच कोणी आलं तर काय करायचं. मी सांगतो की तुम्ही फक्त "कांद्याला काय भाव चाललाय" असं विचारा, मी लगेच लासलगावच्या बाजारभावावर बोलायला लागतो, ते माणूस गेलं की परत मुद्द्यावर. बायका हसतात पण वापरतात. आणि "शेजारी कोण आहे" असं सरळ विचारू नका, शेजारी कोण असेल तर ती सांगणार कशी? "आत्ता बोलायला बरंय का उद्या करू" एवढंच विचारा, तिला हो किंवा उद्या म्हणता येतं, ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

आता प्रश्नांबद्दल, हे तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो कारण निम्मा घोळ तिथे आहे. "निर्णय कोण घेतं" असं विचारलं की उत्तर "सगळे मिळून" हेच येणार, समोर बसून विचारा नाहीतर चंद्रावरून विचारा. त्याऐवजी एक घडलेली गोष्ट धरा. मागच्या सीझनला औषधं उधार आणली तेव्हा कृषी सेवा केंद्रात कोण गेलं होतं? दुकानदाराचा तगाद्याचा फोन कोणाच्या मोबाईलवर आला? माल गेल्यावर व्यापाऱ्याने चेक दिला का रोख, ते पैसे घरात आल्यावर पहिल्यांदा कोणाच्या हातात आले, त्यातले पहिले कशाला गेले? अशा गोष्टीत "सगळे मिळून" बसत नाही. माणूस सांगायला लागतं. आणि सांगताना थांबलं तर थांबू द्या, फोनवर गप्प बसलेलं माणूस दिसत नाही म्हणून आपण घाईघाईने पुढचा प्रश्न टाकतो, तिथेच माती होते.


जुना_खडू

मी जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

आयुष्यभर विद्यार्थ्यांना गावात पाठवत आलो. निफाड नाशिकपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास, दिंडोरी त्याहून जवळ. हे अंतर फोनवरून मुलाखत घेण्याइतकं आहे का? घरात गेल्यावर जे दिसतं ते फोनवर कुठून दिसणार? पाहुण्यांसमोर कोण खुर्चीवर बसतं, कोण उंबऱ्याशी उभं राहतं, चहा आणून दिल्यावर सून तिथे थांबते का आत जाते, किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला. पैशाच्या निर्णयावर संशोधन आहे ना तुमचं? मग घरातलं कपाट कोणाच्या खोलीत आहे हे बघितल्याशिवाय तुम्ही काय लिहिणार. बोलणं हा मुलाखतीचा एक भाग झाला, बाकीचं डोळ्यांनी गोळा करायचं असतं. फोनवर तुम्हाला फक्त लोक स्वतःबद्दल काय म्हणतात ते मिळेल.

शिवाय ज्या बाईकडे स्वतःचा मोबाईल नाही ती तुमच्या अभ्यासातून आपोआप बाहेर पडली. आणि तुमच्या विषयात तीच सगळ्यात महत्त्वाची नाही का? पैशावर काडीचाही हक्क नसलेली बाई तुम्हाला फोनवर भेटणारच नाही, मग निष्कर्ष काढणार की बायकांचा सहभाग बऱ्यापैकी आहे.


निफाडची_सून

मी इथे फार लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही, कारण तुम्ही सगळे ज्या बाईबद्दल बोलताय ती मीच आहे, आमची द्राक्षाची बाग आहे, थॉमसन जातीची आणि थोडी शरद.

सर तुमचं किल्ल्यांचं बरोबर आहे पण तुम्ही घरी येता तेव्हा काय होतं ते सांगते. मागे एका संस्थेच्या मुली आल्या होत्या सर्वेला. गाडी मळ्यात वळली तेव्हापासून सगळ्यांना माहिती. सासूबाई आल्या, चुलत जाऊ आली, शेजारच्या मळ्यातल्या काकू आल्या, दीर मोटार बंद करून आले. मला म्हणाले चहा ठेव. मुलींनी मला प्रश्न विचारले तेव्हा ओट्यावर आठ माणसं बसलेली आणि मी उभी. मी काय सांगणार? सांगितलं, सगळं छान आहे, सगळे मिळून ठरवतो. ते खोटं नव्हतं पण खरंही नव्हतं. आणि त्या मुलींनी लिहून घेतलं असेल की घरात जाऊन प्रत्यक्ष मुलाखत घेतली म्हणून.

फोनचं तसं नसतं. मी दुपारी भांडी झाली की फोन घेऊन शेडकडे जाते, बहिणीशी बोलते, आईशी बोलते, कोणाला काही वाटत नाही, बाई फोनवर बोलतेय एवढंच. त्या वेळेत तुम्ही फोन केला असता तर मी तुम्हाला हेही सांगितलं असतं की दोन वर्षांपूर्वी व्यापारी पैसे न देता गायब झाला तेव्हा माझी पोत मोडली, आणि ते सासऱ्यांना अजून माहिती नाही. हे मी ओट्यावर सांगेन का? इथे नाव दिसत नाही म्हणून लिहितेय.

मोबाईल नसलेल्या बाईचं मात्र सरांचं खरं आहे. माझ्या सासूबाईंना फोन लावायचा तर माझ्याच फोनवर लावावा लागेल आणि मी शेजारी बसणार. आणि सासूबाईंना काय माहिती हे तुम्हाला सांगते, घरातलं सगळ्यात जास्त त्यांनाच माहिती असतं.

अजून एक, आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असली की घरातला गडी माणूस रात्री मळ्यात पाणी द्यायला असतो. ज्या आठवड्यात रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात रात्री फोन करा. कोणाची कधी असते ते ज्याच्या त्याच्या फिडरवर (विजेच्या लाईनवर) असतं, विचारलं की सांगतात, त्यात काही लपवण्यासारखं नाही.


गोदाकाठचा_राघू

ताई तुम्ही सगळ्यांच्या दांड्या उडवल्या. रात्रीच्या लाईटचं तर मला एवढी वर्षं सुचलं नाही.


सातपूर_ऑडिओवाला

तिसऱ्या प्रश्नाचं मी बघतो, बाकी तुमचं चालू द्या.

रेकॉर्डिंग. झूम फुकटवालं चाळीस मिनिटांना तुटतं आता दोघांच्या कॉललाही, आणि फुकट खात्यात रेकॉर्डिंग फक्त कॉम्प्युटरवरून होतं, मोबाईलवरून नाही. गुगल मीट दोघांसाठी तसं तुटत नाही पण फुकटमध्ये रेकॉर्डच होत नाही. व्हॉट्सॲप कॉलला रेकॉर्डिंगचं बटणच नाही. साध्या कॉलचं म्हणाल तर २०२२ च्या मे महिन्यापासून गुगलने प्ले स्टोअरवरच्या कॉल रेकॉर्डर ॲपांची वाट बंद केली. फोनमध्येच रेकॉर्डिंगची सोय असेल तर वापरा पण बऱ्याच अँड्रॉइडवर ते चालू केलं की दोन्ही बाजूंना "रेकॉर्ड होत आहे" अशी बाई बोलते. समोरचं माणूस दचकतं. म्हणून आधीच सांगून ठेवा की एक आवाज येईल, तो मीच लावलाय. लपवून रेकॉर्ड करायचा तर विषयच सोडा.

मला विचाराल तर सगळ्यात भरवशाचं म्हणजे फोन स्पीकरवर, शेजारी दुसरा जुना मोबाईल, त्यात साधं व्हॉइस रेकॉर्डर, दोन्ही जाड टॉवेलवर ठेवा, पंखा बंद, दार बंद. पंखा बंद करा हे मी तीन वेळा लिहायला तयार आहे. आणि स्पीकरवर आहे म्हणजे तुमच्या घरातही कोणी ऐकत नाहीये ना ते बघा, नाहीतर तिकडची बाई गोठ्यात लपून बोलतेय आणि इकडे तुमचा नवरा आणि पोरगी सगळं ऐकतायत.

झूमच वापरलंत तर सेटिंगमध्ये प्रत्येकाची वेगळी ऑडिओ फाईल करायची टिकमार्क आहे ती करा, टायपिंगला फार सोपं जातं. आणि तुम्ही "हं हं" करत राहू नका, दोघांचा आवाज एकावर एक आला की एकाचा दाबला जातो आणि नेमका त्यांचा शब्द जातो. व्हिडिओ असेल तर मान हलवा. साध्या फोनवर मात्र अधूनमधून हं म्हणावंच लागतं नाहीतर "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" सुरू होतं.

टायपिंग. ओपनएआयचं व्हिस्पर आहे, २०२२ मध्ये आलेलं, मराठी येतं त्याला, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या लॅपटॉपवर नेट बंद करून चालवता येतं, म्हणजे पोत मोडल्याची गोष्ट कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही. ऑनलाईन फुकट साईटवर फाईली टाकू नका प्लीज. पण व्हिस्परच्या मराठीवर विसंबू नका, शहरी मराठी बरी उतरवतं, आपल्याकडची बोली आली की गडबडतं, सटाणा मालेगावकडची अहिराणी असेल तर सोडूनच द्या. आणि त्याची एक वाईट खोड आहे, जिथे कोणी बोलत नाही तिथे ते स्वतःच्या मनाने वाक्य घुसडतं. तुमच्या कामात गप्प बसणं महत्त्वाचं, तिथेच नेमकी बनावट वाक्यं. म्हणून कच्चा मसुदा त्याच्याकडून आणि मग हेडफोन लावून एकेक ओळ ऐकून दुरुस्ती. नुसतं हाताने टाईप करायचं तर तासाभराच्या बोलण्याला चार ते सहा तास धरून चाला, त्यात "द्राक्षाचं डिपिंग" "डावणी" "सबकेन" असले शब्द दुसऱ्या कोणाला टायपिंगला दिले तर काय काय वाचायला मिळेल देव जाणे.

कोडिंगला, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना मुद्द्यांची लेबलं लावायला, महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. टॅगेट आणि क्वालकोडर दोन्ही फुकट आहेत.


मेथडॉलॉजी_मॅडम

उशिरा आले, बरंच चांगलं लिहून झालंय. चौथ्या प्रश्नावर लिहिते, आणि पहिल्यावरही, कारण ते दोन वेगळे प्रश्न नाहीत.

नवरा शेजारी बसला आणि मध्ये बोलला, ते ट्रान्सक्रिप्टमध्ये काय लिहू असं विचारलंय. जसंच्या तसं लिहायचं. "पती (मागून)" असं करून त्याचं वाक्य, आणि कंसात "ताई मान हलवतात". तुमचा विषय घरात कोण बोलतं हाच आहे आणि ते तुमच्या डोळ्यासमोर घडलंय, ते गाळून कसं चालेल. कोरेक नावाची एक ३२ मुद्द्यांची यादी आहे, २००७ सालची, मुलाखतींच्या अभ्यासात काय काय कळवायचं त्याची. मूळ आरोग्य क्षेत्रातली पण समाजशास्त्रालाही उपयोगी. त्यात एक मुद्दा सरळ हाच आहे की मुलाखतीच्या वेळी संशोधक आणि सहभागी सोडून दुसरं कोणी हजर होतं का. प्रत्येक मुलाखतीच्या वर चार ओळी टाका: माध्यम कोणतं, ती कुठून बोलत होती, कोण आलं गेलं, मध्येच विषय बदलला का. म्हणजे वरचा कांद्याचा भाव किती वेळा निघाला हाही तुमचा डेटा.

रेफरी विचारतील "ऑनलाईन का". "वेळ नव्हता" हे उत्तर देऊ नका, खरं असलं तरी ते पुरत नाही. निफाडच्या ताईंनी वर जे लिहिलंय तो तुमचा युक्तिवाद आहे: या विषयावर घरी जाऊन घेतलेली मुलाखत चारचौघांत होते आणि फोनवरची एकांतात होऊ शकते. याला आधारही आहे. स्टर्जेस आणि हॅनरहन यांनी २००४ मध्ये तुरुंगात भेटायला येणारे नातेवाईक आणि तिथले कर्मचारी यांच्या मुलाखती काही समोरासमोर आणि काही फोनवर घेतल्या, ट्रान्सक्रिप्ट ताडून बघितली तर म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. झूमच्या बाजूने लोक २०१९ चा आर्चिबाल्ड आणि मंडळींचा लेख फेकतात. तो वाचा पण जपून वापरा, त्यातले सहभागी म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या १६ नर्स. त्यांतल्या बहुतेकींना जोडणी करताना त्रास झाला, तरी बहुतेकींना झूम आवडलं. तिथल्या नर्सला लिंक उघडायला मुलगा लागत नाही, त्यामुळे तो आधार तुमच्या मळ्यापर्यंत पोचत नाही.

किती मुलाखती. १२ चा आकडा सगळे तोंडावर फेकतात, तो २००६ च्या गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या लेखातून आलाय. त्यांनी घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती तपासल्या, बहुतेक नव्या गोष्टी पहिल्या १२ मध्येच येऊन गेल्या होत्या. पण अट त्यांनीच सांगितलीये, गट एकसारखा हवा आणि प्रश्न साधारण तेच हवेत. २०१७ मध्ये हेनिंक वगैरेंनी २५ मुलाखतींवर दाखवलं की मुद्दे कोणते ते साधारण नवव्या मुलाखतीपर्यंत कळलं, पण त्या मुद्द्यांचा अर्थ नीट उमगायला १६ ते २४ लागल्या. मुलाखतीतून मुद्दे काढायची एक पद्धत मांडणारे ब्राउन आणि क्लार्क तर म्हणतात त्यांच्या पद्धतीत हा आकड्यांचा हिशोबच बसत नाही. तुमच्याकडे सुना आहेत, सासवा आहेत, एकत्र घरं, वेगळी घरं, मोठ्या बागा, दोन एकरवाले. एका गटाचे बारा म्हणून चालणार नाही. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) एक अंदाज लिहा आणि पुढे "नवीन काही येत नाही असं दिसेपर्यंत" एवढं लिहून मोकळ्या होऊ नका, कशावरून ठरवलं तेही लिहा.

संमती. कागदावर सही घेऊन फोटो पाठवा म्हणालात की परत तोच मुलगा आला. तोंडी संमती रेकॉर्ड करा, पण वेगळ्या फाईलमध्ये, कारण त्यात नाव येणार, आणि मुलाखतीची फाईल सांकेतिक नावाने. माहितीपत्रक वाचून दाखवलेली व्हॉइस नोट आधी पाठवता येईल, पण विचार करून, कारण ती घरात सगळ्यांसमोर वाजू शकते. त्यात "स्त्रियांचे आर्थिक निर्णय" असं छापील बोलण्यापेक्षा "द्राक्ष शेतीतल्या घरांचं अर्थकारण" म्हणा, तेही खरंच आहे. विषय नेमका काय ते तिला एकटीला फोनवर सांगा, रेकॉर्डर लावायच्या आधी, आणि मगच हो नाही विचारा.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं मानू नका. "दिंडोरी तालुक्यातली माजी सरपंच, बारा एकर बाग, दोन्ही मुली इंजिनिअर" एवढ्यावर अख्खा तालुका बोट दाखवेल. आणि प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या साईटवर चढतो, तो कोणीही उघडतो, त्या बाईचा पुतण्याही. एकर बदला, मुलींचं शिक्षण बदला, गरज पडली तर दोन बायकांचं मिळून लिहा आणि तसं लिहिलंय हे नोंदवा. ओळखीतून ओळख काढत नवीन बायका शोधत असाल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकू नका, कोणी भाग घेतला ते सगळ्यांना कळतं.

कायद्याचं विचारलं नाहीत तरी एक, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. संशोधनाला त्यात सवलत आहे, पण त्या माहितीच्या आधारे त्या ठरावीक माणसाबद्दल कुठला निर्णय होता कामा नये आणि ठरवून दिलेले निकष पाळावे लागतात. तुमच्या विद्यापीठाची एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडून लेखी घ्या, व्हायवाला कागद बोलतो.


जुना_खडू

निफाडच्या ताईंचं वाचलं, दोनदा वाचलं. ओट्यावर आठ माणसं हे आमच्याही लक्षात यायचं, आम्ही त्याला "गटचर्चा झाली" म्हणायचो आणि पुढे जायचो.

तरी माझा हट्ट अर्धा शिल्लक आहे. फोनवर बोलून झाल्यावर काही घरी जा. मुलाखत घ्यायला नव्हे, नुसतं भेटायला. रेकॉर्डर नको, वही नको. चहा प्या, बाग बघा, परत या आणि एसटीत बसून लिहून काढा. आणि मोबाईल नसलेल्या सासूबाईंसाठी तर जावंच लागेल, त्याला फोनचा पर्याय नाही.


निफाडची_सून

सर असं आलात तर चालेल. पण फोनवर आधी बोलणं झालंय हे घरात दाखवायचं नाही हां.


चाळिशीतली_विद्यार्थिनी

किती लिहिलंत सगळ्यांनी. झूम बंद, साधा फोन, हे तर आजपासूनच. आधीच्या ज्या मुलाखतीत दादा मागून बोलतायत त्या मी बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्या परत आत घेतेय, मॅडम म्हणतात तसं "पती (मागून)" करून.

खडू सर, भेटीचं पटलं. दिवाळीच्या सुट्टीत जमेल तेवढ्या घरी जाईन.

अजून दोन शंका. काही ताई म्हणतात फोनवर सलग बोलणं होत नाही, मी व्हॉइस नोट पाठवत जाऊ का, जमेल तसं? आणि रिचार्जचे पैसे द्यावेत का? नुसतं फुकट वेळ घेतेय असं वाटतं.


मेथडॉलॉजी_मॅडम

व्हॉइस नोट चालतील, काही जणी त्यात जास्त खुलतात, रात्री भाकरी झाल्यावर पाच मिनिटं बोलून पाठवतात. पण एका वेळी एकच प्रश्न पाठवा आणि तुमचा प्रश्नही असा असू दे की दुसऱ्याने ऐकला तरी काही बिघडणार नाही, कारण ती नोट तिच्या फोनमध्ये राहते. ऐकून उतरवून घेतलं की दोन्हीकडून डिलीट करायला सांगा, आणि तुमच्या फोनचा गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप बंद करा, नाहीतर सगळं आपोआप वर जाऊन बसतं.


गोदाकाठचा_राघू

रिचार्ज द्या, पण सगळ्यांना सारखाच आणि आधी सांगून की मध्येच बोलणं सोडलं तरी मिळणार. किती बोलली त्यावर ठरवलंत तर ती बिचारी बोलत बसेल. आणि आधी विचारा की तुमच्या नंबरला रिचार्ज कोण मारतं. मुलगा मारत असेल तर अचानक पॅक आला कुठून हे घरात विचारलं जाणार. मग रिचार्ज नको, पुढे भेटायला जाल तेव्हा पोरांसाठी काहीतरी घेऊन जा.


निफाडची_सून

आमचं मी सांगते, रिचार्ज मुलगाच मारतो.

आणि ताई तुम्ही दिवाळीला येणार म्हणताय तर तेव्हा छाटणी होऊन डिपिंग (घड औषधात बुडवणं) विरळणीची घाई असते, सुरगाण्या पेठची माणसं कामाला आलेली असतात, त्यांचं खाणं पिणं आमच्याकडे, डोकं वर काढायला वेळ नसतो, पाऊस आला तर घरात कोणी कोणाशी नीट बोलत पण नाही. फोन पण त्या दिवसात नकोच. बोलायचं तर आत्ता बोला, छाटणी सुरू व्हायच्या आत. नाहीतर मग माल गेल्यावर, एप्रिल छाटणी उरकली की. तेव्हा पैसे आलेले असतात किंवा बुडालेले असतात, दोन्हीत बायकांकडे सांगायला पुष्कळ असतं.


चाळिशीतली_विद्यार्थिनी

मग आत्ताच सुरू करते. ताई, तुम्हाला मेसेज केलाय इथेच, बघाल का? हो म्हणायलाच पाहिजे असं काही नाही.


निफाडची_सून

बघितला. दुपारी दीडनंतर करा. आधी कांद्याचा भाव विचारेन, मग बोलू.